लाट, रहाट आणि यारी : पेण-रोह्याच्या शेतीतील उचलयंत्रे

विहिरीतले किंवा ओढ्याच्या डोहातले पाणी वाफ्यापर्यंत आणण्यासाठी कोकणातला शेतकरी स्वतःच्या हाताने जे सर्वांत साधे यंत्र उभारी, ते म्हणजे लाट. काही गावांत तिला ओकती किंवा उकती म्हणतात. जमिनीत रोवलेला बेळक्याचा खांब, त्या बेळक्यात आडव्या खुंटीवर तोललेले लांब लाकूड, लाकडाच्या बुंध्याकडच्या टोकाला बांधलेला दगड, शेंड्याकडून लोंबणारा दोर किंवा बांबू आणि त्याच्या टोकाला पाण्याचे भांडे, एवढाच तिचा पसारा. तिला लोखंड लागत नसे आणि विकतचा एकही भाग लागत नसे. पेण आणि रोहा तालुक्यांच्या पूर्वेला डोंगर असल्याने ऐन, किंजळ, खैर हाताशी होते, बांबू परसात होता आणि दोर घरी वळता येत होता. खांबाला टिकाऊ जंगली लाकूड, खुंटीला न झिजणारा खैर आणि आडव्याला सरळ वाढलेला हलका वासा, एवढी निवड जमली की एका दिवसात लाट उभी राही.

हिचे मर्म तोलात आहे. पाण्याचे भांडे रिकामे असताना ५ किलोंचे आणि भरल्यावर २० किलोंचे होते असे धरू. हातांनी दोर ओढून ते वर काढायचे तर प्रत्येक खेपेला २० किलोंचा ओढा पाठीवर आणि खांद्यांवर येतो. लाटेच्या मागच्या टोकाला असा दगड बांधायचा, की तो भांड्याकडच्या टोकावर साडेबारा किलोंचे वजन तोलून धरील. मग रिकामे भांडे खाली नेताना साडेसात किलोंनी दोर खाली ओढावा लागतो आणि भरलेले भांडे वर येताना साडेसात किलोंचाच हात द्यावा लागतो. खाली ओढताना माणसाच्या अंगाचेच वजन कामाला येते, पाठ वाकत नाही, म्हणून हे काम तास दोन तास सलग चालू शकते. एकूण श्रम वाचले ते रिकाम्या भांड्याच्या वजनापुरतेच. बाकीचे जाण्या-येण्याच्या दोन टप्प्यांत सारखे वाटले गेले. भांड्याकडची बाजू मागच्या बाजूच्या तिप्पट लांब असेल तर दगड ३७-३८ किलोंचा लागतो. लांब बाजूच्या वाशाचे वजनही तोलायचे असते, म्हणूनच लाकडाचा जाड बुंधा नेहमी दगडाकडे आणि निमुळता शेंडा पाण्याकडे ठेवत. हे गणित कोणी कागदावर मांडले नाही. दगड एक वीत पुढे-मागे सरकवून, दोन खेपा ओढून पाहून शेतकरी तोल साधत असे.

भांडे पूर्वी लाकूड कोरून केलेले असे. त्याला कोळंबे म्हणत. ते थेट पन्हळीत किंवा दगडी थाळ्यावर ओतले जाई आणि तेथून पाटाने वाफ्यांकडे जाई. पुढे रॉकेलचा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा पत्र्याचा डबा गावोगाव पोचला. वरचे झाकण कापून आडवी काठी ठोकली की तो लाटेला चाले. कोळंबे कोरायला सुताराचा दिवस जाई, डबा मात्र वाण्याकडे मिळे, त्यामुळे कोळंबे हळूहळू मागे पडले.

ही कल्पना कोकणची एकट्याची नाही. मेसोपोटेमियातील अक्कडकालीन मुद्रेवर, म्हणजे ख्रिस्तपूर्व सुमारे २३०० च्या काळात, असे यंत्र कोरलेले आढळते. इजिप्तमध्ये देर अल-मदिना येथील इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यातील चित्रात माळी याच यंत्राने बागेला पाणी देताना दिसतो. ते चित्र ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकातले. तमिळ प्रदेशात हेच यंत्र फार मोठे होते. तेथे एक-दोन माणसे आडव्या लाकडावरूनच पुढे-मागे चालत स्वतःच्या वजनाने ते कलवीत आणि तिसरा खाली भांडे सांभाळी. तेथे पाणी खोल असल्याने एवढी माणसे लागत. कोकणात पावसाळ्यानंतर विहिरी काठोकाठ असतात, म्हणून एका माणसाची लाट पुरेशी ठरली.

मात्र पेण-रोह्यात ती सगळीकडे सारखी रुजली नाही, आणि त्याचे कारण पाण्यात आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. भात त्यावरच निघते, उचललेल्या पाण्याची त्याला गरज नसते. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो, त्यालाही पाणी द्यावे लागत नाही. उरतात भाजीपाल्याचे वाफे, घराभोवतीची वाडी आणि भाताची रोपे पावसाच्या ओढीत सापडली तर त्यांचे चार-सहा दिवस. लाटेचे राज्य एवढेच.

पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या काठाने पसरलेला खारेपाट तर तिच्या कक्षेबाहेरच होता. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतल्या जमिनीत भात करायचे ही तिथली शेती. तिचा खरा प्रश्न पाणी वर काढण्याचा नव्हता. आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि बाहेरचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हा होता. त्यासाठी बांधात उघाडी बसवलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिचे दार बाहेर उघडते आणि भरतीला खाडीच्या रेट्याने आपोआप मिटते. माणसाचा हात न लागता दिवसातून दोनदा चालणारी ही व्यवस्था कोकणच्या ग्रामीण तंत्रज्ञानातील फार मोठी गोष्ट आहे, आणि तिची आठवण लाटेइतकीही ठेवली जात नाही, याची खंत वाटते. शिलोत्री पद्धतीने, म्हणजे खासगी पुढाकाराने, बांधलेले हे बांध नंतर १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याखाली आले. उन्हाळ्यात मात्र खारेपाटातल्या विहिरी मचूळ होतात. तळ्यात साठवलेले पावसाचे पाणी माणसांना आणि गुरांनाच जेमतेम पुरते, तिथे वाफे कोण शिंपणार? म्हणून खारेपाटात लाट फारशी उभी राहिली नाही. ती होती डोंगराच्या पायथ्याच्या गावांत, ओढ्यांच्या काठी आणि कुंडलिका नदीच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात.

लाटेला आणखी एक मर्यादा होती, तिच्या उंचीची. आडवे लाकूड जेवढे झुलेल तेवढेच भांडे खाली जाते. एका माणसाला आटोपेल अशा लाटेने तीन-साडेतीन मीटरपेक्षा खोल पाणी काढणे कठीण. कार्तिकात हाताशी असलेले पाणी फाल्गुन उजाडेपर्यंत तिच्या टप्प्याबाहेर जाई. काही ठिकाणी विहिरीच्या आत एक पायरी खोदून, तिथे उभे राहून पाणी काढत आणि वरच्या थाळ्यात टाकत. पण बहुतेक शेतकरी होळीनंतर लाट उतरवून लाकूड घराच्या पडवीत टांगत.

मिनिटाला चार खेपा आणि खेपेला १५ लिटर असे धरले तर तासाला ३,६०० लिटर होतात. थांबणे, पाट फिरवणे, घाम पुसणे धरून २,५०० लिटर हा आकडा जमिनीवरचा. वाफ्याला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागते असे मानले तर एका गुंठ्याला सुमारे ५०० लिटर, दहा गुंठ्यांना ५,००० लिटर आणि पाटात मुरणारे धरून सहा-साडेसहा हजार. म्हणजे रोज अडीच तास लाटेपाशी उभे राहणाऱ्या माणसाची भाजी दहा गुंठ्यांच्या पुढे जाऊ शकत नव्हती. मळा केवढा असावा हे जमिनीने ठरवण्याआधी लाटेनेच ठरवलेले असे.

रहाट आला तिथे ही मर्यादा सैल झाली. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंडा-चौलपासून उत्तरेकडे नागाव, अक्षी, अलिबागपर्यंतचा अष्टागराचा पट्टा माड-पोफळीच्या वाड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि त्या वाड्या रहाटावर पोसल्या गेल्या. तिथे वाळूच्या पुळणीखाली गोडे पाणी जवळच लागते आणि भर उन्हाळ्यातही टिकते. इंग्रजांनी १८६९ मध्ये कुलाबा (आजचा रायगड) हा स्वतंत्र जिल्हा केला आणि १८८३ मध्ये त्याचे गॅझेटियर निघाले. त्यातही या बागायतीचे वर्णन आहे. अष्टागरच्या वाड्या आणि पेण-रोह्याच्या भातखाचरांमधला फरक केवळ मातीचा नाही. एकीकडे बारमाही गोडे पाणी आणि ते उचलणारे यंत्र होते, दुसरीकडे चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची प्रतीक्षा.

रहाटाची घडण लाटेपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची. विहिरीवर आडव्या कण्यावर मोठे चाक, त्यावरून खाली पाण्यात लोंबणारी दोराची माळ आणि माळेला ठरावीक अंतरावर बांधलेले मातीचे लोटे. वर येताना प्रत्येक लोटा भरलेला, चाकाच्या माथ्यावर उलटून पन्हळीत रिकामा होणारा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली जाणारा. कण्याच्या दुसऱ्या टोकाला लाकडी दाते असलेले चाक, ते उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या दातेरी चाकात अडकलेले, आणि त्या खांबाला जोडलेल्या दांड्याला जुंपलेला रेडा किंवा बैल. गोल फिरण्याने जनावराला घेरी येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापड. विहीर आटत गेली की माळ लांबवायची आणि चार लोटे जास्त बांधायचे. लाटेला जे जमत नव्हते ते इथे सहज होई. छोट्या वाडीसाठी जनावराविना चालणारा पायरहाटही होता. त्यात एक माणूस चाकासमोर बसून हातांनी आणि पायांनी चाकाच्या दांड्या ढकलत असे.

रहाट उभारायचा तर सुतार हवा, लोट्यांसाठी कुंभार हवा, माळेसाठी काथ्याचा दोर हवा, जनावराला वैरण हवी. लोटे विहिरीच्या काठाला आपटून फुटत आणि हंगामात पुन्हा पुन्हा बदलावे लागत. म्हणजे रहाट एका घराचा राहत नसे, त्यामागे गावाचे अर्धे बलुतेदार उभे असत. त्यामुळेच तो त्यालाच परवडे ज्याची वाडी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच हाती राहणार होती.

रहाटाच्या इतिहासाबद्दल अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. संस्कृत ग्रंथांत अरघट्ट येतो, पण तो दातेरी चाकांचा होता की नदीकाठी बसवलेले नुसते चाक, हे स्पष्ट होत नाही. दात्यांच्या चाकांचा, जनावराने फिरवायचा रहाट मध्ययुगात पश्चिमेकडून आला, असे इतिहासकार इरफान हबीब यांनी मांडले. बाबराने आपल्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडे चाकाने आणि आग्रा, बयाना भागात चामड्याच्या मोटेने पाणी काढतात, असा फरक नोंदवला आहे. देशावर मोटेचे राज्य होते, कारण तिथल्या विहिरी खोल आणि बैलांना उतारावर धावायला जागा पुष्कळ. कोकणात विहिरी उथळ आणि वाड्या दाट, झाडे तोडून मोटेसाठी धाव करणे परवडणारे नव्हते. त्यामुळे मोट घाटाच्या अलीकडे फारशी रुजली नाही.

पेण-रोह्यात साधी लाट एवढी टिकण्यामागे पाण्याइतकेच जमिनीच्या मालकीचेही कारण होते. कुलाबा जिल्ह्यात खोतांचे आणि सावकारांचे वर्चस्व होते. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाला पुढच्या वर्षी तोच तुकडा मिळेल याची खात्री नसे, मग त्याने विहीर का बांधावी आणि रहाट का उभारावा? लाट मात्र उपटून खांद्यावर घेऊन जाता येत होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा या व्यवस्थेविरुद्धचा ऐतिहासिक लढा. पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनंतर कसणारा मालक होऊ लागला. पक्की विहीर बांधण्याचा विचार त्यानंतरच अनेक घरांत शिरला. यंत्रांचा इतिहास लिहिताना हा दुवा सुटतो, पण तो सुटू देता कामा नये.

रहाटाची आणखी एक आठवण पेणच्याच एका माणसाशी जोडलेली आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांनी १९५० च्या सुमारास वर्ध्याजवळ पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला, तेव्हा बैलांविना शेती करण्यासाठी विहिरीवरचा रहाट आश्रमवासी स्वतः ढकलून फिरवत. पैशावाचून शेती होते का, हे तिथे माणसांच्या बाहूंनी तपासले जात होते.

त्याच काळात बाकीच्या महाराष्ट्रात इंजिनाचा आवाज घुमू लागला होता. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथे पंप तयार होऊ लागले आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. ३ अश्वशक्तीचा पंप १० मीटर खोलीवरून तासाला तीस-चाळीस हजार लिटर पाणी फेकतो. लाटेवर एवढे पाणी काढायला माणसाला बारा तासांहून अधिक वेळ लागला असता. या तुलनेपुढे लाट आणि रहाट टिकण्याची शक्यताच नव्हती. वीज जशी गावोगाव पोचली, तशी अष्टागरातही रहाटाची जागा पंपाने घेतली.

रोहा तालुक्यात मात्र पाणी उचलण्याची गरजच एका वेगळ्या मार्गाने कमी झाली. टाटांनी मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधले आणि त्याचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे सोडून १९२७ मध्ये वीज निर्माण करण्यास सुरुवात केली. मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला होता. त्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. वीज करून उरलेले ते पाणी कुंडलिकेत उतरते. उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी त्यामुळे बारमाही झाली. कोलाडजवळ डोलवहाळ बंधाऱ्यात हे पाणी अडवून काळ प्रकल्पाचे कालवे काढले गेले आणि रोहा-माणगाव भागात उन्हाळी भात पिकू लागले. कालवा उताराने वाहतो, शेतात पाणी घ्यायला मोरी उघडली की पुरते. ज्या खोऱ्यात लाटेवर दहा गुंठ्यांची भाजी निघत असे, तिथे शेकडो हेक्टर भात पाणी न उचलता भिजू लागले. रोह्याच्या शेतकऱ्याने घेतलेल्या त्या पाण्यात मुळशीच्या शेतकऱ्याचा वाटा आहे, हे विसरले जाऊ नये. भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला, तेव्हापासून मागणी कमी असताना शिल्लक विजेवर खालचे पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावाकडे चढवता येते. या परिसरातली ही सर्वांत मोठी उचल.

पेणला तसे भाग्य लाभले नाही. तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी मोठ्या प्रमाणात नवी मुंबईकडे जाते. शेतीसाठीचे कालवे दीर्घकाळ रेंगाळले आणि खारेपाटाची पिण्याच्या पाण्याची वणवण वर्षानुवर्षे चालू राहिली.

आता शेतात घरगुती उचलयंत्र उभे राहते ते पाण्यासाठी कमी आणि विहीर खोदण्यासाठी किंवा पंप वर काढण्यासाठी अधिक. पूर्वी विहिरीचा गाळ आणि सुरुंगाने फोडलेला दगड टोपल्यांतून हातोहात वर येई. पुढे हे काम यारीने घेतले. यारी म्हणजे ताणाच्या तारांनी उभा धरलेला लोखंडी खांब, त्याच्या बुडाशी बिजागरीवर फिरणारी तिरपी भुजा, भुजेच्या टोकाच्या कप्पीवरून जाणारा तारेचा दोर आणि तो गुंडाळणारा ढोल. ढोल फिरवायला डिझेल इंजिन आणि मोडीत निघालेल्या मालमोटारीचा गिअरबॉक्स. दगडांनी भरलेली बादली वर आली की भुजा बाजूला फिरवून ती काठावर पालथी करतात. अशा याऱ्या तालुक्याच्या गावांतल्या जोडकाम करणाऱ्या दुकानांत, त्यांच्याच अंदाजाने बनतात.

यारीत जोर कुठे येतो हे जाणणे जिवाचे काम आहे. भुजा जितकी आडवी करावी तितका मागच्या ताणावरचा ओढा वाढतो. भुजा उभी असताना जो भार सहज पेलतो, तोच ती आडवी होताच खुंटा उपटू शकतो. म्हणून मागच्या ताणाचा खुंटा खांबापासून निदान खांबाच्या उंचीइतका दूर आणि खडकात ठोकलेला असावा लागतो. भार चढत असताना बादलीखाली माणूस नसावा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. तरी विहिरीच्या अरुंद घेरात खालच्या माणसाला बाजूला सरकायला जागाच नसते. त्यासाठी काही जण विहिरीच्या भिंतीला खोबण करून ठेवतात.

कूपनलिकेतला पंप काढायला यारी लागत नाही, तिवई पुरते. तीन लांब पाइप किंवा बल्ल्या, वर एकत्र बांधलेल्या, मध्ये चेनपुली. पाय फार पसरले तर ते बाहेर सरकतात, म्हणून त्यांच्या बुडाशी खड्डे करतात किंवा तिन्ही पाय खाली दोराने एकमेकांना बांधतात. साध्या एका स्थिर कप्पीने भार कमी होत नाही, फक्त ओढण्याची दिशा सोयीची होते. भारासोबत वर चढणारी दुसरी कप्पी जोडली तर ओढा अर्धा होतो, पण तेवढ्याच उंचीसाठी दोर दुप्पट ओढावा लागतो. लोखंडी पाइप असेल तर प्रत्येक वीस फुटांना क्लँप आवळायचा, वरचा पाइप सोडवायचा, पुन्हा चेन लावायची, असे दिवसभराचे काम. सलग गुंडाळीचा प्लॅस्टिकचा पाइप आल्यापासून चार माणसे खांद्यावरून ओढत पंप तासाभरात बाहेर काढतात, आणि तिवईसुद्धा आता अडलेल्या पंपासाठीच उभी करावी लागते. रुंद विहिरींच्या खोदकामात पोकलेन आल्याने यारीकडे उरल्या आहेत त्या अरुंद आणि खोल विहिरी, जिथे यंत्राची सोंड पोचत नाही.